औसा कोण?

—त्या खुर्चीवर नका बसू भावजी, तिचा एक पाय गेलाय. बाजंवर बसा. हां, अस्सं. चपला राहू द्या पायात, फरशी अजून पुसायचीच हाय. अन् हळू बोला बरं का, मालक आत पडलेत — म्हणजे तुम्ही तर काही बोलूनच न्हाई राहिले, आल्यापासून नुसती टोपी काढता अन् घालता, मीच आपली हळू बोलते. काय म्हणता, संघटनेचा निरोप घेऊन आलो? आता बगा महादेवप्पा भावजी, मी शाळा चौथीतच सोडली, पर एवढं कळतं मला — औशाच्या माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष निरोप घेऊन येतो तवा जीपमधून येतो, संगं चार मिशावाले असतात, अन् पुढल्या दारानं येतो. भर दुपारी, एकला, शेजारच्या धुरपताबाईच्या गोठ्यातून म्हशीला हाड-हाड करत न्हाई येत. शेण लागलंय बगा टाचेला. राहू द्या, राहू द्या, वाळलं की पडतं. मी काही इचारत न्हाई. चहा ठेवते.

आमच्या मालकावरचा तुमचा ठराव मला पाठ हाय. लाऊडस्पीकर लावून वाचला व्हता तुम्ही, मी दळणाला चालले व्हते. "शेषेराव यांनी आपल्या पुस्तकात औसा या नावाचा इसम भित्रा दाखवून औशाच्या समस्त फौजींची मान खाली घातली, सबब पान नंबर बासष्ट सगळ्या प्रतींतून फाडून टाकावं, तोवर शेषेराव यांच्याशी ऊठबस बंद" — काय आवाज लावला व्हता तुम्ही! समस्त म्हणताना तर गळ्याची शीर फुगली. गिरणीवाला मला म्हणतो, मावशी, तुमच्या घरावर लढाई आली. मी म्हणलं, येऊ दे, पीठ बारीक दळ. पर खरं सांगू का, त्या दिवसापासून रोज तुमच्या नावानं बोटं मोडते मी. कामून म्हणजे? तेव्हापासून हा माणूस सकाळी घराच्या भाईर न्हाई पडला, म्हणून. रोज सहाच्या आत दाढी करून, बूट घालून तुमच्याकडं यायचा, तुमच्या त्याच त्याच गप्पा ऐकायचा, अन् घरी येऊन मला त्याच त्याच गप्पा सांगायचा. आता दाढी न्हाई, बूट न्हाई. ताटात भाकरी तशीच राहती. मी सतरा वरसं ह्या माणसाची वाट बघितली, समिंदरातून कवा येतो, काश्मिरातून कवा येतो, येतो का न्हाई येतो — आता आला तर भिताडाकडं तोंड करून पडलाय. मला न्हाई सोसत हे, सरळ सांगते.

साखर किती घेता? डायबिटीस? मंग एकच चमचा.

तुम्ही म्हणताल, पुस्तक लिहा म्हणून आम्ही सांगितलं व्हतं का? न्हाई सांगितलं. कुणीच न्हाई सांगितलं. पर ह्यांच्या मनातच व्हतं. लातूरसारख्या मुलखातलं पोरगं, जिथं उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, ते पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतं अन् नेव्हीत जाऊन पाण्यातला कमांडो होतं — हे कुणाला खरं वाटंल? तुम्ही पायदळवाले तर त्यांना तोंडावर बेडूक म्हणायचे. हाव, तुम्हीच म्हणायचे, मला माहीत हाय. ते हसायचे. म्हणून लिहिलं. दोन पावसाळे लिहीत व्हते. आमची सुकन्या पुण्याला असती, थोरली, तिनं टाइप करून दिलं. तिला पैला प्रश्न पडला नावांचा. असं हाय की, रिटायर झालं तरी संगतीच्या लोकांची खरी नावं छापायची न्हाईत, नियम हाय म्हणे. सुकन्या म्हणली, पप्पा, अ-ब-क द्या. हे म्हणले, माणसं हायत का भूमितीतले कोन? दोन दिवस डोकं धरून बसले. अन् तिसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता उठले, हात न धुताच म्हणले — कस्तुरा, सापडलं! यष्टीचे ष्टॉप!

हां, ते तुम्हाला माहीत न्हाई ना. ठराव करण्याआधी इचारायचं तरी व्हतं. सुट्टीवर येताना हे रेल्वेनं नांदेडला उतरायचे अन् तिथून लातूरची यष्टी धरायचे. बसल्या बसल्या गावं मोजायची — नांदेड सुटलं, लोहा गेलं, माळाकोळी गेलं, अहमदपूर आलं, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर, अन् मंग आपलं औसा. ती गावं म्हणजे त्यांना जपमाळच. अन् होडीत बसायचा बी क्रम ठरलेला असतो म्हणे, कोण पुढं, कोण मागं. मंग काय, होडीच्या नाकावर जो बसायचा, त्यांचा साहेब, तो झाला नांदेड. त्याच्या मागला लोहा. हरियाणाचा जाट झाला अहमदपूर. ओडिशाचा चाकूर. वायरलेसवाला लातूर — लई बोलायचा म्हणे, तर लातूरच. अन् शेवटाला, इंजिनापाशी, जो बसायचा, तो औसा. झालं! ह्यात गावाची बदनामी कुठून आली? पर पुस्तक आलं अन् एकेक गाव उठून बसलं की हो!

अहमदपूरच्या फौजींनी ह्यांना हार घातला. कामून? तर पुस्तकात "अहमदपूरनं तीन वेळा शिव्या दिल्या अन् एकट्यानं मशीनगन वाहून नेली" असं हाय. तो जाट हाय हो, रोहतकचा! त्यानं उभ्या जन्मात अहमदपूर बघितलं न्हाई. पर त्यांनी पेढे वाटले. चाकूरवाले म्हणले, आमचं नाव दोनच ठिकाणी कामून? अन् लोह्याला तर विचारूच नका. पुस्तकातला खरा शूर लोहाच, मंग लोह्याला मिरवणूक काढली ह्यांची. शाल दिली, नारळ दिला, फेटा असा बांधला की ह्यांचे दोन्ही कान आत गेले, एक तर आधीच स्फोटानं गेलेला. माघारी येताना यष्टीत मला म्हणतात, कस्तुरा, भाषणात काय बोलले गं ते? मी म्हणलं, तुम्ही लोह्याचे जावई हाय म्हणले. अन् हे म्हणले, असू दे, असू दे, फेटा चांगला हाय.

हसलात! चला, हसता तरी येतं.

अजून ऐका. त्यांचे जुने संगती — त्यांचा मोबाईलवर ग्रुप हाय, सुकन्यानं ते बासष्टावं पान हिंदी करून त्यात टाकलं — ते फोन करायला लागले. ह्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन भोंग्यावर लावतात, मला सगळं ऐकू येतं, मी काही मुद्दाम न्हाई ऐकत. पैला फोन रोहतकचा. "शेषू, लोहा मैं ही हूं ना?" हे म्हणले, हाव, तूच. दुसऱ्या दिवशी कोकणातला एक. "शेषेराव, लोहा म्हणजे मीच हां?" हे म्हणले, तूच की! मंग ओडिशाचा. मंग अजून दोघं. सगळ्यांना हाव म्हणले. कोकणातल्यानं तर देवळापुढं फलक लावला म्हणे, स्वतःचा फोटो घालून. मी म्हणलं, अहो, एका होडीत पाच-पाच लोहा? बुडंल की होडी! हे म्हणतात, बुडू दे, ज्याला लोहा व्हायचंय त्याला होऊ दे. अन् औसा कोण म्हणून एकाचा बी फोन आला न्हाई. एकाचा बी न्हाई.

औशासाठी फोन न्हाई येत, भावजी. औशासाठी माणसं गोठ्यातून येतात.

चहा सांडला का? राहू द्या, मी पुसते. मी काय चुकीचं बोलले? तुम्ही काही पैले न्हाई. हाव! तुम्हाला वाटलं का तुम्हालाच ही वाट सापडली? ती म्हैस आता हंबरून सांगती मला, आला गं एक फौजी. कोण कोण आलं ते मी न्हाई सांगणार, माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई असं सगळे म्हणतात पर हे मी न्हाई सांगणार — ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी आला पैला, आर्मीत ट्रक चालवायचा तो, तिथंच मागं उभा राहिला, आत बी येईना. म्हणला, भाभी, शेषू ने मेरा वो घाट का किस्सा काय को लिखा? पाणी का करके लिखा तो मैं समझूंगा नई क्या? ब्रेकवरचा पाय निघंना म्हणे त्याचा, एकदा, बर्फात, मागं गाड्यांची रांग लागलेली, अन् दुसऱ्यानं येऊन चालवली गाडी. त्याला वाटलं, आपण कधीतरी कँटिनच्या बाटलीवर बोललो असू अन् शेषेरावनं छापून टाकलं. मी म्हणलं, मोहियोद्दीनभाई, असं काही न्हाई हो — आता हे नाव तुम्ही इसरा. इसरलात? हां. तर तो तिथंच उभा, डोळ्यांत पाणी, अन् ठरावावर पैली सही त्याचीच.

मंग शिवशंकर आला. झालं, ते बी नाव गेलं तोंडातून. तो तर हात जोडूनच आला. वैनी, पान फाडायला लावा, माझ्या पोराचं लग्न ठरलंय, व्याही फौजी हाय. मी म्हणलं, व्याह्याला कसं कळणार हे तू हाय म्हणून? तर म्हणला, वाचलं की कळतं. आता मला सांगा, काय कळतं? पुस्तकात तळं हाय, धुकं हाय, होडी हाय. हा माणूस वाळवंटात व्हता जन्मभर, उंटावर! पर त्याला बी वाटलं, हा मीच. अन् आता तुम्ही. न्हाई, न्हाई, तुम्ही निरोप घेऊन आलात, मी कुठं काय म्हणलं? मी आपलं चहाचं विचारलं.

ते पान मी सुकन्याकडून दोनदा वाचून घेतलंय. मला पाठ हाय. काश्मिरातलं तळं, पहाटेचं धुकं, शेजारचा माणूस दिसंना. पलीकडच्या काठाला बंदुका घेऊन बसलेले लोक. एकेकानं होडीतून पाण्यात उतरायचं, आवाज करायचा न्हाई. पाणी असं की हाडाला कळ लागावी. नांदेड उतरला, लोहा उतरला, बाकीचे उतरले. औशाची पाळी आली. औशानं होडीचा काठ धरला तो सोडीचना. दात वाजू लागले. आईला हाका मारू लागला — बारीक आवाजात, पर मारू लागला. तवा लोहा पाण्यातून माघारी आला. शिव्या न्हाई दिल्या, मारलं न्हाई. औशाचं एकेक बोट सोडवलं, त्याच्या पाठीवरचं ओझं आपल्या पाठीवर घेतलं, अन् म्हणला, होडी सांभाळ. एवढंच. अन् गेला. दोघांचं ओझं घेऊन गेला. माघारी आल्यावर साहेबानं इचारलं, औसा खाली कामून न्हाई उतरला, तर लोहा म्हणला, मीच ठेवला त्याला होडीवर. पान संपलं.

ह्यात तुम्हाला मान खाली घालण्यासारखं काय दिसलं, भावजी? मला तर ऐकून त्या लोह्याचे पाय धरावे वाटले. अन् औशाच्या डोक्यावरून हात फिरवावा वाटला. पोरगं व्हतं हो. विशीतलं. आईला न्हाई तर कुणाला हाक मारंल?

मी ह्यांना म्हणलं, एवढं रामायण झालंय तर सांगून टाका ना औसा कोण ते. चार लोकांत उभं राहायचं, नाव घ्यायचं, घरी यायचं, दाढी करायची, संपलं. तर म्हणतात, न्हाई. म्हणलं, मंग पान फाडा. त्यालाबी न्हाई. पान राहणार, नाव न्हाई सांगणार. असा अडेल माणूस. कमांडोत घेताना हेच बघून घेतलं असंल. मला माहीत हाय नाव, मला लग्नाच्या दुसऱ्या वरसापासून माहीत हाय, पर माझ्याकडून आईची शपथ घेतलीय ह्यांनी, म्हणून मी न्हाई बोलणार, तुम्ही कितीबी विचारा. विचारत न्हाई? न्हाई विचारलं तरी न्हाई सांगणार.

पर परवाचा फोन सांगते. तो सांगायला शपथ न्हाई. परवा भर उन्हात फोन आला, केरळातून. आवाज म्हातारा, हळू. हे उठून बसले. नुसतं नंबर बघून उठून बसले, भावजी, अन् इतक्या दिवसांत पैल्यांदा सदऱ्याची बटनं लावली. तो खरा लोहा. पाचजण लोहा झाले पर हा एकटा गप्प व्हता. आता नारळाच्या बागेत असतो म्हणे, गुडघे गेलेत. मला वाटलं हा बी म्हणंल, मीच ना? तो एकदा बी न्हाई म्हणला. तो काय म्हणला सांगते, जसंच्या तसं सांगते, त्याची हिंदी बी आपल्यासारखीच वाकडी — म्हणला, "शेषू, पोरी ने पढ़ के सुनाया. वो औसा कौन है रे? अपने में ऐसा कोई नई था. डर गया करके लिखा, कौन डरा? मेरेको याद नई. तेरेको बोट पे मैंने रखा था, मेरा ऑर्डर था. ऑर्डर मानना, उसको डर बोलते क्या? तू खाली-फोकट इतने साल—"

अगं बाई.

न्हाई — म्हणजे — "तेरेको" म्हणजे, त्यांच्याकडं सगळ्यांनाच तेरेको म्हणतात, केरळात — तेरेको म्हणजे आपलं — कुणालाबी —

असं नका बघू माझ्याकडं. बसा खाली. बसा म्हणते ना!

जोरात बोलले का मी? आत भजन लागलं व्हतं मोबाईलवर, मगापर्यंत चालू व्हतं. बंद झालंय. कवा झालं? तुम्हाला कळलं का बंद झालेलं? मला न्हाई कळलं. मी बोलतच व्हते.

ऐकलंत ना? आतल्यालाच म्हणते मी, तुम्हाला न्हाई भावजी! ऐकलंत तर ऐकलंत! मोडली शपथ! माझी आई वर बसलीय, ती म्हणंल, बरं झालं मोडलीस. इतकी वरसं मी गप्प बसले, झोपेत होडीचा काठ धरायचे तुम्ही, माझा दंड काळा-निळा व्हायचा, आईला सांगायचे मी की चौकटीला लागला. एक शब्द न्हाई काढला मी. अन् तुम्ही काय केलं? छापलं! छापलं ते चांगलं केलं, पर छापून मंग तोंड भिताडाकडं? तो बिचारा गुडघे गेलेला माणूस केरळातून फोन करून सांगतो मला काही आठवत न्हाई म्हणून, त्याला आठवत न्हाई असं वाटतं का तुम्हाला? त्याला सगळं आठवतं. अन् फोन ठेवून तुम्ही रडलात, अन् पुन्हा पडलात ते पडलात. मी एकली कुणाकुणाला सांभाळू? गोठ्यातून आलेल्यांना चहा करू का तुम्हाला उठवू?

आता घाला हे तुमच्या ठरावात, अध्यक्ष. लाऊडस्पीकर लावा. औसा कोण, तर शेषेराव, मु. पो. औसा. अन् खाली हे बी लिहा की ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या ते माझ्याकडं चहा पिऊन गेले. साखर कुणाला किती लागती ते बी मी सांगते.

काय? काय म्हणलात? तुमचं काय, कारगिलच्या वक्ताला—

थांबा. थांबा भावजी. मला नका सांगू. न्हाई, रागानं न्हाई म्हणत, डोळे पुसा आधी, हा घ्या टॉवेल, स्वच्छ हाय. पर मला नका सांगू. माझं तोंड तुम्ही आत्ताच बघितलं. मोहियोद्दीनभाईचं गेलं, शिवशंकरचं गेलं, घरच्या माणसाचं गेलं, तुमचं काय राहणार हाय? अन् मला कळंल का त्यातलं काही? मला, थंडी वाजली की गोळी खाऊन झोपणारीला? ज्याला कळंल तो आत हाय. जागा हाय. उठून बसलाय, बाज वाजली मगाशी.

जा आत. टोपी राहू द्या इथं. पडदा बाजूला सारा, अंधार हाय, उंबरा उंच हाय, ठेच लागंल. काही म्हणू नका आधी, नुसते बसा त्याच्या डाव्या अंगाला, उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. मंग बोला. त्याला तुमचं सांगा, तो त्याचं सांगंल, न्हाई सांगितलं तर तसंच बसा. मी इथं थांबणार न्हाई. थांबले तर ऐकंन, अन् ऐकलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या औशाला कळंल.

मी धुरपताबाईकडं चालले, तिच्या वाती वळायला. पुढल्या दाराला कुलूप हाय, किल्ली माझ्या कमरंला. मागल्याला भाईरून कडी लावते. अहो, चिडू नका, कमांडो हाय ना घरात? बघू कसा भाईर काढतो तुम्हाला. चहा पातेल्यात हाय, गरम करून घ्या. अन् झालं म्हणजे हाक मारा. दोघांनी मिळून मारा — एकल्याच्या हाकंला मी काही कडी काढणार न्हाई.